पदराच्या गाठी

पंचफुलाबाईच्या पदराला सदा दोन-तीन गाठी असतच. मीठ घातलं की एक, चुलीवर काही ठेवलं की एक. काम झालं की गाठ सोडायची. पन्नास वर्षं लोकांच्या वावरात कापूस वेचला, शाळेची पायरी चढली नाही; तिची वही म्हणजे पदरच. आता मात्र गाठ सापडे, पण ती कशाची ते आठवत नसे.

दिवाळीनंतर पोरगा रुपेश आला, तेव्हा त्याला स्वयंपाकाचा गंज दिसला; पातेलं तळापासून जळून काळं झालं होतं.

"आनखी एकडाव असं झालं ना माय, त घराले कुलूप लावतो अन् तुले पिपरी मेघेले नेतो."

तिथं रुपेशच्या घरी ती पंधरा दिवस राहून आली होती. पोरगा-सून सकाळीच ड्युटीवर. दार बंद, टीव्ही चालू. इथं गावातही तिच्याशी बोलायला कोणी थांबत नव्हतं. कान गेल्यापासून लोक ओरडायचा कंटाळा करत, नुसता हात हलवून पुढं जात. पण हात हलवताना दिसत तरी.

मंगळवारी सर्वेवाली पोरगी आली.

"जय भीम आजी, मी मोहिनी. बुढ्या मान्साईची याददाश्त तपासून राह्यली."

"मायीच याददाश्त काऊन? मी का येडी झाली?"

"साठीच्या वरच्या साऱ्याईचीच. तुमच्या गावात तीन घरी निघालं असं. घरचे म्हन्तात, वय झालं. पन हे बिमारी असते."

शुगर, बीपी, शाळा, कान... मोहिनी कानाशी तोंड नेऊन एकेक विचारी.

"दिवसातून किती जनाईसंग बोलता?"

बाई हसली. "आज तू एक. काल... बकरी धरतं का?"

मोहिनीनं बकरी लिहिली नाही.

"तीन शब्द सांगतो, ध्यानात ठेवजा. विळा, लिंबू, खाट."

नापास झालं की रुपेशला कळणार, अन् घराला कुलूप. बाईनं हळूच पदराला तीन गाठी मारल्या. मोहिनी मग इकडचं तिकडचं बोलत राहिली. बाईला ते इतकं गोड लागलं की पोरगी कशाला आली तेच ती विसरली.

"आता सांगा, काय होतं?"

बाईनं पदर चाचपला. एक, दोन, तीन, चार.

"चार."

"मी त तीनच देल्ले होते, आजी."

चौथी कशाची ते आधी नाकाला कळलं. आत तुरीची डाळ करपली होती. मोहिनी धावली, गंज उचलून तिनं अंगणात आणून ठेवला.

"घरच्याईचा नंबर द्या. वर्ध्याले डॉक्टरले दाखवा लागन. कानाले मशीन लावली, चार लोकाईत बसल्या, त फरक पडन."

लिहिता येत नाही म्हणून रुपेशचे दहाही आकडे बाईनं पाठ केले होते. शेजाऱ्याला सांगून फोन लावून घेई.

"याद नाई," ती म्हणाली.

मोहिनीनं कागद मिटले. "बरं. गुरुवारी येतो. तवा आठवन."

"येजो. च्या पिऊन जाजो."

पोरीची गाडी सिंदीच्या रस्त्याला लागली. बाईनं चारही गाठी सोडल्या, गुरुवारची एक मारली. मग दारात बसून राखेनं गंज घासता घासता रुपेशचा नंबर मनात म्हणून पाहिला, सहजच. सातव्या आकड्यावर अडकली.

हात थांबला. तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. सहा आले.

रस्त्यानं जाताना कोणीतरी हात हलवला. तिनं पाहिलं नाही.