स्ट्रायकरच्या पाया पड

मी कोल्हापूरचा. कॉलेजात असताना पेठेतल्या तालमीच्या टीमकडून फुटबॉल खेळायचो आणि एका इंग्लिश स्ट्रायकरवर जीव टाकायचो. त्याला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. वाचनालयात उशिरा येणारी विलायती मासिकं आणि रेडिओवरची खरखरती कॉमेंट्री, एवढ्यावर माझी भक्ती चालायची. कुठल्या फायनलला त्याने डोक्याने गोल मारला, कुठल्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुठल्या मॅनेजरशी भांडून क्लब सोडला, सगळं तोंडपाठ. ज्या एमएससाठी मी पुढे अमेरिकेत आलो, त्याच्या विषयांची नावंही मला आज धड आठवत नाहीत.

आणि हा माणूस ऐंशीच्या दशकात शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, शाळकरी मुलींचा समर कँप घ्यायला आला! कारकीर्द संपता संपता तो अमेरिकेतल्या लीगमध्ये खेळायला आला होता. ती लीगच बंद पडली आणि हा इथेच अडकला. ज्याच्यासाठी अख्खं स्टेडियम उभं राहायचं, तो लंगडत लंगडत गवतावर प्लॅस्टिकचे कोन मांडत होता. मला वाईट वाटायला हवं होतं. मला झाला तो निव्वळ आनंद.

माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. फुटबॉलची गोडी तिला मैत्रिणींमुळे लागली होती, पण मी मात्र माझंच रक्त म्हणून सगळ्यांना सांगत सुटलो होतो. कँपच्या शेवटी तो गावाच्या टीमसाठी मुली निवडणार होता. त्या टीममध्ये जायचंच, असा तिने ध्यास घेतला होता. दूध प्यायच्या आधी ती गॅरेजच्या दारावर बॉल आपटत असायची.

शेवटच्या दिवशी त्याने यादी वाचली. तिचं नाव पहिलं होतं. ती आनंदाने उड्या मारत होती आणि मी तिचा हात धरून तिला त्याच्यासमोर नेऊन उभं केलं. बाकीच्या मुली, त्यांचे आईबाप सगळे तिथेच होते.

"पाया पड," मी म्हणालो.

"बाबा, प्लीज. नॉट हिअर."

"गुरू आहेत ते तुझे. पड म्हटलं ना!"

आणि मी तिच्या मानेवर हात ठेवून तिला वाकवलं. तो दचकून मागे सरकला. पोरीला भोवळ आली असंच त्याला वाटलं असणार. एक मुलगी फिस्सकन हसली, मग सगळ्याच हसल्या. तरीही माझं समाधान झालं नाही. मी स्वतः वाकलो आणि त्याच्या बुटांना हात लावला. तिला सोबत म्हणून नव्हे, मला ते पाय हवेच होते.

घरी आल्यावर तिने बूट कचऱ्याच्या डब्यात टाकले. "आय ॲम नॉट गोइंग बॅक. एव्हर."

बायको म्हणाली, "तुम्हाला हौस होती तर तुम्ही पडायचं. तिला कशाला?"

मी संस्कारांवर भाषण ठोकलं. आपल्या चुकीला इतका भारदस्त शब्द सापडला की माणूस कुणाचं ऐकत नाही.

टीमचा सराव सुरू झाला, ती गेली नाही. मी समजावलं, ओरडलो, नवे बूट आणले. तिने खोक्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही. तीन सराव बुडल्यावर त्याचा फोन आला. तो फार अदबीने बोलला. मुलीला परत पाठवा म्हणाला, इतकं चांगलं खेळणारी मुलगी मी या देशात पाहिली नाही म्हणाला. मग त्याने विचारलं, "तिचा तो डावा पाय कुणी तयार केला? तुम्ही?"

कँपचे सगळे दिवस मी ऑफिसातून लवकर निघून मैदानाच्या कडेला उभा राहिलो होतो आणि त्याच्यावरून नजर हलवली नव्हती. माझी मुलगी डाव्या पायाने गोल मारते, हे मला त्याच्याकडून कळलं.