मऊ धार

माझे धाकटे दीर नदीवरची लाँच चालवायचे, अलीकडची माणसं पलीकडे आणि पलीकडची अलीकडे. धक्क्यावर त्यांना सगळे 'धारवाले' म्हणत आणि त्या नावाचा त्यांना भारी तोरा होता.

ही धार म्हणजे काय ते त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतसुद्धा सांगेन. इंजिन तापू नये म्हणून पंप नदीचंच पाणी ओढतो आणि त्याच्या पोटातून फिरवतो. फिरून आलेलं पाणी लाँचच्या कडेच्या नळीतून बाहेर पडतं, ती धार. पाण्याचा दाब कमी पडला तर इंजिन तापून जाम होतं. दाब जास्त झाला तर रबरी पाइप निसटतो, मग पाणीच मिळत नाही, म्हणजे पुन्हा जामच. पाण्याचा कॉक, म्हणजे तोटी, फिरवून मधलं माप धरायचं. दाब दाखवायला काट्याची तबकडी असते म्हणे. यांच्या लाँचवरची कधीच बंद पडलेली. लाँचच्या मालकानं ती बदलली नाही, कारण तिच्या जागी भाऊजींचा हात होता. धारेखाली तळवा धरायचे, डोळे मिटायचे आणि कॉक केसभर इकडे नाहीतर तिकडे करायचे. त्या तबकडीचा उपयोग एकच, टोपी अडकवायला.

जाऊबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच राहतात. माणूस गुणाचा, पण तोंड म्हणजे फुटका नळ. अलीकडे त्या नळातून तक्रारीच गळत होत्या. एकदा कपाभोवती तळवे धरून म्हणाले,

"वहिनी, चहा कोमट का करता हो?"

"कोमट? माझी जीभ पोळली."

"म्हातारपणी जीभ नाजूक होते माणसाची."

"तुमची तेवढी लोखंडाची राहिली!"

मी हसण्यावारी नेलं. मग आंघोळीचं पाणी कोमट. मग लाँचवरचा नवा पंप मऊ. "धार मऊ पडलीय," असं रोज घरी आल्यावर म्हणायचे. "मिस्त्रीनं कसला पंप बसवलाय कोण जाणे. कॉक उघडावा तेवढा थोडाच."

आणि एक दिवस भर नदीत पाइप निसटला. इंजिन बंद पडलं आणि लाँच पुलाच्या खांबांकडे ओढीला लागली. आत शाळेची मुलं होती, माझी नातही. वाळूच्या बोटीनं दोर टाकला म्हणून वाचली. नात घरी आली ती माझा पदर सोडेना. मालकानं चारचौघांत मिस्त्रीची हजेरी घेतली आणि भाऊजी त्यात भर घालत उभे राहिले.

त्यानंतर एका सकाळी ते स्वयंपाकघरात आले. चहाचं पातेलं गॅसवर खदखदत होतं. मी फडकं शोधतेय, तोवर त्यांनी पातेलं नुसत्या हातानं उचललं, ओट्यावर ठेवलं आणि हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले. बोटांची कातडी माझ्या डोळ्यांदेखत पांढरी पडली.

"भाऊजी, हात!"

त्यांनी हाताकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा असावा, तसं पाहिलं.

चहा कोमट, आंघोळ कोमट, पंप मऊ. सगळ्या जगाचा दाब एकदम कसा कमी होईल? त्यांची साखर जुनी, पथ्य नावाला. साखरेनं बोटं बधिर होतात म्हणतात; कमी झालं होतं ते त्यांच्या हातातलं. धार मऊ लागायची म्हणून हे कॉक उघडत होते, आणि उघडलेल्या पाण्यानं पाइप उडवला. मिस्त्री बिचारा फुकट शिव्या खाऊन बसला.

मी तसं बोलून दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला आणि मग चढला.

"इंजिनातलं तुम्हाला काय कळतं?"

"पातेल्यातलं कळतं ना! मालकाला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

"आणि मग करू काय मी? ओट्यावर बसून भाजी निवडू?"

मी हाताला मलम लावलं. ते झोंबतं, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही.

ते टोपी घालून निघाले. नातीची शाळेची वेळ होती. तिचा हात धरून मी त्यांच्या मागोमाग लाँचवर चढले आणि इंजिनाच्या पेटीशेजारच्या बाकावर ठाण मांडलं. भाऊजींनी टोपी तबकडीला अडकवली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

लाँच सुटली. धक्का मागे पडल्यावर त्यांनी वाकून धारेखाली तळवा धरला, डोळे मिटले. मग हात कॉककडे गेला.

"मऊ आहे," ते पुटपुटले.

मी बाकावरून ओणवी झाले आणि माझा हात धारेखाली घातला. पाण्यानं तो असा झिडकारला की बांगड्या वाजल्या.

"ही मऊ? भाऊजी, हात फेकला माझा!"

पेटीतला रबरी पाइप फुगून थरथरत होता. पुलाचे खांब समोर दिसत होते. नातीनं माझी कंबर आवळली.

भाऊजींनी पुन्हा तळवा धरला. मग दुसरा हात धरला. बराच वेळ धरला. कॉकवरची बोटं तशीच अडलेली.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "खरं सांगताय?"

"नातीला मांडीशी घेऊन खोटं बोलेन?"

त्यांनी कॉक थोडा आवळला. "आता?"

"अजून मारतेय."

"आता?"

"सैल झाली. हात ठरतोय."

"फार सैल नको. बोटं पसरून धरा. मधून जोरात निसटते का?"

"निसटते."

"बास." आणि मग माझ्याकडे न बघता, "हात काढू नका."

नदी संपेपर्यंत मी तशीच ओणवी होते. ते दर थोड्या वेळानं "आता?" विचारायचे आणि मी सांगायचे. माणसं बघत होती. कुणीतरी म्हणालं, "आजी, नवी नोकरी लागली का?" भाऊजी एरवी अशा माणसाला सोडत नसत. त्या दिवशी ऐकून घेतलं.

पलीकडच्या धक्क्यावर मालक खुर्ची टाकून बसले होते. मी काही बोलायच्या आत भाऊजीच पुढे झाले.

"मालक, माझा हात गेलाय."

मालक दचकून उठले. "अरे बापरे, कुठं लागलं?"

"लागत नाही. तेच तर सांगतोय."

मग पातेल्यापासून सगळं सांगितलं. पाइप आपल्यामुळे निसटला, मिस्त्रीचा दोष नाही, हेही सांगितलं. मालकांनी खांद्यावर हात ठेवला, पण लाँचच्या किल्लीसाठी दुसरा हात पुढे केला. करायलाच हवा होता.

आता लाँचवर नवा ड्रायव्हर आहे आणि नवी तबकडी. नात निर्धास्त जाते. डॉक्टर म्हणतात, हातातलं परत यायची आशा धरू नका आणि पायांवर लक्ष ठेवा. आंघोळीला जाताना भाऊजी दारातून हाक मारतात, "वहिनी, पाणी बघता का जरा?" मी जाऊन बादलीत हात घालते.

किल्ली दिली त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी टोपी काढली आणि लाँचवर तबकडीकडे नेत तसा हात उंच केला. तिथं काहीच नव्हतं. तशीच ती मांडीवर घेऊन बसून राहिले.