औंढ्याच्या शिवेवर झेंडा कोणी धरला?

सुरुवातीलाच सांगून टाकतो, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. आमच्या आळीत कोणाला पिंपळावर काही दिसलं की मी विचारायचो, "चष्मा होता का डोळ्यांवर?" त्यामुळे या सदरात माझा मजकूर बघून ओळखीचे लोक हसणार... हसोत बापडे. मी जे पाहिलं ते भर दुपारी, सरकारी कामावर आणि सरकारी दुर्बिणीतून पाहिलं.

गोष्ट तिसाच्या दशकातली. मी पुण्याला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करत होतो. त्या वर्षी मोजणी खात्यानं एक नवीच टूम काढली होती – कॉलेजच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत उमेदवार म्हणून घ्यायचं. एरवी उमेदवारी म्हणजे फुकटची वेठ, साहेबाच्या घरची भाजी आणण्यापर्यंत. इथे मात्र चक्क भत्ता मिळणार होता! पोरांनी सरकारी काम जवळून बघावं, मानवलं तर पुढे नोकरीला यावं, असा त्यामागचा विचार. आमचे वडील म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. निवड झाल्याचं कळलं त्याच संध्याकाळी त्यांनी मला खाकी हॅट आणून दिली आणि आईला म्हणाले, "आता याला हाका मारताना जरा जपून मार."

माझी नेमणूक झाली लोणावळ्याला. तिथे आमचे वरिष्ठ म्हणजे मोजणीदार रावसाहेब. (सगळे त्यांना रावसाहेबच म्हणायचे, मीही नाव लिहीत नाही.) स्वभावानं आवळ्यासारखे तुरट, पण कामाला चोख. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हॅटकडे पाहिलं आणि विचारलं, "शिकार कुठे आहे?" दुसरं काही बोलले ते एवढंच – "उमेदवार, दुर्बिणीत दिसेल ते धरायचं. वाटेल ते धरायचं नाही."

काम होतं जवळच्याच औंढे गावाच्या वरच्या अंगाला. तिथे डोंगराच्या कुशीत ठाकरांची एक वाडी होती आणि वाडीच्या खाली झरा. वैशाखातसुद्धा न आटणारा. पलीकडच्या जमिनीचे जे इनामदार होते त्यांचं म्हणणं, आमची शीव झऱ्याच्या वरून जाते, म्हणजे झरा आमचा. मागे कधीतरी यावरून भांडण झालं होतं म्हणे, पण त्यानंतर इतकी वर्षं त्यांना त्या झऱ्याची आठवण नव्हती. पण मुंबईच्या कुणा शेटजींना तिथे बंगला आणि बाग करायची होती, आणि पाणी असेल तरच ते जमीन घेणार होते. वाडीचं म्हणणं, शीव झऱ्याच्या खालून जाते. जुन्या मोजणीत कोपऱ्याला दगड पुरला होता, पण मध्ये कधीतरी दरड येऊन तो कुठे गाडला गेला ते कोणालाच माहीत नव्हतं. तो सापडला नाही तर इनामदार दाखवतील ती खूण धरून रेघ मारायची, असं ठरलं होतं.

वाडीतली एक म्हातारी, ठमाबाई, आम्हाला रोज झऱ्याचं पाणी आणून द्यायची. चार दिवसांत तिची-माझी चांगली ओळख झाली होती. शीव आखायच्या दिवशी सकाळी तिनं मला विचारलं, "दादा, झरा त्येंच्याकडं गेला तर आमी कुटं जायाचं? खाली नदीवर उतरायचं म्हंजी हंडा घिऊन आर्दा दीस. म्हातारी मानसं, लेकुरवाळ्या... वाडीच उठल की वो."

इनामदारांचे कारभारी तिथेच पान लावत बसले होते. ते म्हणाले, "अहो, खोट्याच्या लेकीचं काय ऐकता? कामाला लागा."

ठमाबाईनं रिकामा हंडा उचलला. पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला आणि निघून गेली. मला राग आला होता, पण उमेदवाराचा राग कोण विचारतो! मी दुर्बीण खांद्यावर घेतली आणि समोरच्या टेकाडावर गेलो.

आता ही दुर्बीण म्हणजे काय ते सांगायला हवं. खरं नाव थिओडोलाइट, पण सगळे दुर्बीणच म्हणत. त्या काळच्या या यंत्रातून सगळं उलटं दिसायचं – डोंगर वरून खाली लोंबायचे, माणसं डोक्यावर उभी. नव्या माणसाला पहिले दोन दिवस गरगरतं, मग सवय होते. समोर झेंडेवाला उभा राहतो, त्याची काठी भिंगातल्या बारीक तारेवर आणायची, पेच आवळायचा, आणि त्या दिशेनं साखळीवाले मोजणीची साखळी टाकत जातात.

त्या दिवशी झेंडेवाला होता औंढ्याचाच कोंडिबा. त्यानं झऱ्याच्या वरच्या मोठ्या खडकाजवळ उभं राहायचं होतं, कारण कारभाऱ्यांनी तीच जागा दाखवली होती. मी डोळा लावला. ऊन मी म्हणत होतं, हवा थरथरत होती. खडकाजवळ कोणीच नाही... दुर्बीण हळूहळू फिरवली. तेव्हा झऱ्याच्या पुष्कळ खाली, करवंदीच्या जाळीत, काठी घेतलेला माणूस दिसला.

मला वाटलं, कारभाऱ्यांचं मन पालटलं की काय! काठीला झेंड्याचं कापड दिसत नव्हतं. म्हटलं, वाऱ्यानं गुंडाळलं असेल. त्याच्या खांद्यावर घोंगडी होती आणि डोक्यावर काहीतरी ओझं, ते त्यानं एका हातानं धरलेलं. जेवणाची पाटी खाली ठेवायला काय झालं होतं या गृहस्थाला, असंही मनात आलं. पण उभा मात्र असा राहिला होता की काठी तसूभर हलत नव्हती. मी ती तारेवर घेतली, पेच आवळला आणि साखळीवाल्यांना हात केला.

रेघ धरून आम्ही जाळीपाशी पोचलो तर तिथे कोणी नाही. हाका मारल्या. कोंडिबा आला तो भलतीकडून, खालच्या उंबराच्या बाजूनं, झेंडा काखेत मारून.

मी त्याला झापलं, "अरे, आत्ता इथे उभा होतास ना? मग गेलास कुठे?"

"मी? न्हाई बा. मी कवाधरनं उंबराखाली बसलोय. नारळ आला न्हाई अजून."

"कसला नारळ?"

"शीव हाय न्हवं ही! नारळ फोडल्याबिगर शिवेवर झेंडा कसा रोवायचा, सायेब? नवरानवरी जरी गावात आली तरी शिवेला नारळ देत्यात. खाली दुकानाला मानूस धाडलंय. तुमास्नी सांगितलं न्हाई कुनी?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. रावसाहेबांनाही नाही. गावातल्या सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की एवढं तर कोणालाही कळतं.

तेवढ्यात रावसाहेब आणि कारभारी येऊन पोचले. कारभाऱ्यांचा पारा चढला होता, ही जागा आम्ही दाखवलीच नाही म्हणून. रावसाहेबांनी मला एवढंच विचारलं, "तुम्ही माणूस पाहिला?" मी हो म्हटलं. "मग पहार घाला," ते साखळीवाल्यांना म्हणाले.

जाळी तोडली. मुरूम निघाला, मग दरडीचे धोंडे, आणि त्यांच्याखाली पहार खणकन वाजली. घडीव दगड होता. तो उचलला तर खाली कोळसा. जुन्या मोजणीत सरकारी दगडाखाली कोळसा पुरायची पद्धत होती, कारण दगड हलवता येतो, कोळसा कोणाच्या लक्षात येत नाही. रावसाहेब गुडघ्यावर बसले, कोळशाचा तुकडा बोटांत चुरला आणि म्हणाले, "हाच कोपरा." रेघ झऱ्याच्या खालून जात होती.

"पण झेंडा कोणी धरला होता?" कारभारी ओरडले. "ते सांगा आधी!"

"दगडाला झेंडा लागत नाही," रावसाहेब म्हणाले, आणि त्यांनी त्या विषयावर पडदा टाकला.

माझ्यासाठी मात्र तो पडला नव्हता. कारभारी पाय आपटत गेल्यावर रावसाहेबांनी मला बाजूला घेतलं. मी पाहिलेल्या माणसाचं वर्णन केलं. घोंगडी, काठी, डोक्यावरचं ओझं. ऐकता ऐकता कोंडिबानं काखेतला झेंडा खाली ठेवला.

"सायेब, त्यो ठमामावशीचा बा," तो म्हणाला. "आमच्या आबानं डोळ्यानं बघितलं व्हतं. हितंच शिवेचं भांडान लागलं, तवा म्हाताऱ्यानं डोईवर माती घेतली व्हती."

मग त्यानं सगळं सांगितलं. पूर्वी शिवेचं भांडण असं मिटवायचे. एका माणसानं अंघोळ करून डोक्यावर मातीचं ढेकूळ घ्यायचं आणि खरी शीव असेल तिथवर चालत जायचं. जिथे माती खाली ठेवील तिथे शीव. पण वाटेत त्याला काही झालं तर तो खोटा, शपथ बाधली असं समजायचं. ठमाबाईचा बाप वाडीच्या वतीनं झऱ्याखालच्या कोपऱ्याकडे चालत निघाला, आणि झऱ्याच्या वरच्या त्या मोठ्या खडकाजवळ उन्हानं म्हणा, छातीत कळ येऊन म्हणा, कोसळला तो उठलाच नाही. इनामदारांकडच्या लोकांनी डांगोरा पिटला की खोटी शीव चालला म्हणून देवानं पाडला. जिथे पडला तीच शीव! तेव्हापासून ठमाबाई खोट्याची लेक झाली ती झालीच.

रावसाहेबांनी बोटांवरचा कोळसा झटकला. मग त्यांनी विचारलं, "उमेदवार, तो माणूस कसा दिसला तुम्हाला? नीट आठवून सांगा."

"उभा होता. अगदी ताठ."

"कसा उभा?"

"म्हणजे... पाय खाली, डोकं वर..."

मी टेकाडावर धावत गेलो. दुर्बीण पेच आवळलेली तशीच होती. डोळा लावला. डोंगर लोंबत होता, जाळी लोंबत होती, रावसाहेब आणि कोंडिबा आपापल्या डोक्यांवर उभे होते. त्या भिंगातून मी तेवढा एकच माणूस सुलटा पाहिला होता.

मला भीती वाटली का? तेव्हा नाही. संध्याकाळी लोणावळ्याच्या खोलीवर मात्र दिवा रात्रभर जळत ठेवला.

सुट्टी संपल्यावर मी आमच्या फिजिक्सच्या सरांना गाठलं. सर खुश झाले. म्हणाले, "सोपं आहे! तापलेल्या हवेत मृगजळ होतं, मृगजळात प्रतिमा उलटी पडते. उलट्याचं तुमच्या दुर्बिणीत पुन्हा उलटं, म्हणजे सुलटं." मला हायसं वाटलं. दारापर्यंत गेलो आणि परत वळलो. "पण सर, प्रतिमा कोणाची?" सरांनी घड्याळ पाहिलं आणि तासाला निघून गेले. आता तुम्ही म्हणाल, असेल कोणी गुराखी. मीही तसंच म्हणून पाहिलं. रावसाहेबांनी वाडीत आणि गावात चौकशी केली होती, त्या वेळी तिकडे कोणी गेलेलं नव्हतं. आणि गुराखी असलाच, तर तो नेमका गाडलेल्या दगडावर कसा येऊन उभा राहिला?

पुढे मी सरकारी नोकरीतच गेलो. सुट्टीतल्या त्या उमेदवारीचा हेतू माझ्यापुरता तरी सफळ झाला. पण ठमाबाईचं सांगायचं राहिलं.

त्याच दिवशी दुपार कलताना ती जाळीपाशी आली. झरा राहिला ही बातमी वाडीला आधीच पोचली होती, पोरीबाळी हंडे घेऊन पाण्यावर जमल्या होत्या. ती तिकडे गेलीच नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, कोंडिबा म्हंतो तुमी पाह्यलं."

मी मान हलवली.

"कसा व्हता? पडलेला व्हता?"

"नाही मावशी. उभा होता."

"तुमी शिकल्यालं मानूस. माजं मन राखाया सांगू नगा."

"उभा होता," मी म्हणालो. "बरोबर दगडावर."

तिचा चेहरा वेडावाकडा झाला. रडत होती की हसत होती, मला कळेना. मग ती त्या दगडाशी गेली, त्याच्यावरची माती हातानं साफ केली आणि जरा वर, माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी बघत ओरडून म्हणाली, "बा, पोचलास रं! ठिव की आता खाली. मान दुखंल."

तिथे कोणी नव्हतं. मी शपथेवर सांगतो, मला काही दिसलं नाही. पण कोंडिबानं पायातल्या वहाणा काढल्या, आणि कशासाठी ते मला अजूनही नीट सांगता येत नाही, मीही माझी खाकी हॅट काढून हातात घेतली.