सरांची सनद

माझ्या सरांविरुद्ध वकील परिषदेच्या शिस्तपालन समितीपुढे साक्ष द्यायला मी मुंबईला गेले होते. ज्यांनी मला युक्तिवाद करायला शिकवलं, त्यांच्याच विरुद्ध. मी खरं तेच बोलले, आणि पुन्हा बोलावलं तर तेच बोलेन. तरी त्या दिवसाची हळहळ अजून गेलेली नाही.

सर नंदुरबारला दिवाणी दावे चालवायचे. वाटप, बांध, वहिवाट. माझं घर धानोऱ्याकडचं, शेतीवाडीचं; नात्यात कुणी वकील नव्हतं. शहरातल्या बऱ्याच वकिलांनी ‘बघू’ म्हणून मला वाटेला लावलं. सरांनी मात्र पहिल्याच दिवशी टेबलाची एक बाजू रिकामी करून दिली. मसुदा मनासारखा होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा लिहायला लावत. ‘अशिलाला वाईट बातमी आपण सांगायची, चांगली त्याला कुणीही सांगतं,’ असं त्यांचं म्हणणं होतं.

आमच्याकडे एक मावशी यायच्या. सासर शहाद्याकडचं. माहेरच्या जमिनीत हिस्सा मिळावा म्हणून त्यांनी सख्ख्या भावांवर दावा लावला होता. दावा मी येण्याआधीचा. तारखेला त्या एसटीने येत, फडक्यात भाकरी-ठेचा बांधून आणत आणि बाहेरच्या बाकावर बसून राहत. सर कोर्टातून आले की त्यांना म्हणत, “जजसाहेब रजेवर होते, मावशी. पुढची तारीख पडली.” मावशी मान हलवत, पदर सावरत, आणि बस गाठायला निघत. सर इतर अशिलांवर कधीकधी खेकसत, पण या बाईशी फार मऊ बोलत. मला त्याचं कौतुक वाटायचं.

एकदा कोर्टातल्या बाररूममध्ये मावशींच्या भावांचे वकील माझ्या शेजारी चहाला बसले होते. मी सहज विचारलं, “त्या वाटपाच्या दाव्यात तुमचा साक्षीदार कधी येतोय?”

ते चकित झाले. “कोणता दावा? तो तर तुमच्या बाजूच्या गैरहजेरीत कधीच फेटाळला गेला. तुमच्या सरांनी सांगितलं नाही?”

मी तशीच ऑफिसला आले. सर एकटेच होते. मी विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बायको सुरतेला दवाखान्यात होती,” ते म्हणाले. “तारीख डोक्यातून गेली. परत आलो तर दावा पुन्हा चालू करून घ्यायची मुदतही टळलेली. मावशी समोर बसल्या होत्या. मी म्हटलं, आज नको, पुढच्या खेपेला सांगू. त्या पुढच्या खेपेलाही तसंच झालं.”

“सर, विलंबमाफीचा अर्ज करता आला असता.”

“आला असता. पण त्यात माझी चूक लिहावी लागली असती.” मग म्हणाले, “येऊ दे त्यांना. या वेळी सांगतो. तू बोलू नकोस, मलाच सांगू दे.”

दिलेल्या तारखेच्या आधीच मावशी आल्या. माहेरी कुणाची तरी हळद होती, तिथे भावाने चारचौघांत त्यांची थट्टा केली होती. त्या बाकावर बसल्या नाहीत. थेट आत आल्या.

“दादा, मन्हा भाऊ म्हने, तुन्ही केस कवयच मरी गयी. खरं शे का?”

सर उभे राहिले. “खरं आहे, मावशी. चूक माझी आहे.”

मावशी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. सरळ विचारलं, “मंग माले बलावत काबरं व्हतात?”

मावशी जिना उतरून गेल्या.

त्यांनी दुसरा वकील केला. त्याने सांगितलं, उशीर वकिलामुळे झाला हे कोर्टाला पटवायचं तर त्या वकिलाविरुद्ध तक्रार केलेली बरी; नाहीतर भाऊ म्हणतील, बाईचं आणि जुन्या वकिलाचं संगनमत आहे. मावशींच्या मनात नसताना तक्रार परिषदेकडे गेली. बाररूममधले दोघे-तिघे ज्येष्ठ सरांकडे आले. “तुम्ही बाईंना वेळेवर कळवलं होतं, असं तुमची ज्युनियर लिहून देईल. विषय संपेल.” मी दारातच उभी होते. सरांचा आवाज चढला. “तिला यात ओढायचं नाही. आणि मीही तसं लिहिणार नाही.”

उलट त्यांनी मावशींच्या विलंबमाफीच्या अर्जासाठी स्वतःचं प्रतिज्ञापत्र करून दिलं. दावा आपल्या गैरहजेरीत गेला आणि ते आपण बाईंपासून लपवलं, असं स्पष्ट लिहिलं. न्यायाधीशांनी उशीर माफ केला, दावा पुन्हा उभा राहिला. आणि तेच प्रतिज्ञापत्र समितीपुढे सरांच्या विरुद्ध गेलं. ते जाणार हे त्यांना ठाऊक होतं.

मुंबईत मला थोडेच प्रश्न विचारले. ‘बाई आल्या तेव्हा तुम्ही तिथे होतात का? काय बोलणं झालं?’ मी सांगितलं. सर खाली मान घालून ऐकत होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, “जेवलीस का?”

सरांची वकिलीची सनद काही वर्षांसाठी निलंबित झाली. निकाल कळल्यावर मावशी ऑफिसला आल्या, तेव्हा दारावरची पाटी उतरलेली होती. “ताई, माले त्यासले शिक्षा नको व्हती,” त्या म्हणाल्या. “माले फक्त खरं पाहिजे व्हतं.” दाव्याचं म्हणाल तर शेवटी तडजोड झाली. रस्त्याकडची चांगली जमीन भावांनी मधल्या काळात विकून टाकली होती. मावशींच्या वाट्याला आतली, दगडाळ पट्टी आली.

निलंबनाची मुदत संपली तरी सर वकिलीत परतले नाहीत. मध्यंतरी मी त्यांच्या मळ्यात गेले होते. पपईच्या बागेत खाटेवर बसून आम्ही बोललो, म्हणजे पपईच्या भावाबद्दल. तेवढ्यात शेजारचा एक शेतकरी बांधाची कटकट घेऊन आला आणि सवयीने सरांनाच विचारू लागला.

“मी आते वकील नही शे,” सर म्हणाले. “ह्या ताईले इचार.”

मी त्याला सांगू लागले. बोलता बोलता एका ठिकाणी अडले आणि सरांकडे पाहिलं. त्यांना ते नक्की ठाऊक होतं. ते खाटेवरून उठले, चप्पल पायात सरकवली आणि मोटार चालू करायला विहिरीकडे निघून गेले.