कळंबच्या धरणातली बहिरी बोट

रत्नागिरीहून निघताना बायकोनं बॅग भरता भरता विचारलं, "मराठवाड्यात बोट? कुणी फसवलंय का तुम्हाला?" मलाही हसू आलं. तीस वर्षं मी मच्छीमार ट्रॉलरवर यंत्रं बसवतोय. धाराशिव जिल्ह्यात कामाला जाईन असं स्वप्नातही आलं नव्हतं.

पण बोट होती, आणि आमच्याच वर्कशॉपमधून गेलेली. कळंबजवळच्या धरणात गाळ किती साचलाय ते मोजायचं होतं. लॅपटॉपवर पाण्याच्या आरपार सरळ रेषा आखलेल्या असतात. त्या रेषेवरून बोट नेण्याचं काम ऑटोपायलटचं (सुकाणू आपोआप वळवणारं यंत्र). हा ऑटोपायलट आठ दिवसांपासून एकच पाटी दाखवत होता: माहिती येत नाही.

सोलापूर, मग धाराशिव, मग कळंबची एसटी. खिडकीतून नुसता हरभरा आणि ज्वारी. डोंगर नाही, नारळ नाही, सगळीकडे आभाळच आभाळ. कोकणातल्या माणसाला एवढं मोकळं बघून जरा उघडं पडल्यासारखंच वाटतं. धरणाच्या काठावर उतरलो आणि पांढरी बोट दिसली तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

सर्व्हेच्या प्रमुख देशमाने मॅडम काठावरच उभ्या होत्या. त्यांनी चहाआधी मुद्दा मांडला. "उद्या संध्याकाळपर्यंत चालली नाही तर बोट परत पाठवणार. वरून तसा आदेश आहे."

बोट चालवायला वीरभद्रप्पा होते. याच जिल्ह्यातल्या बेंबळी गावचे, साठी उलटलेले, कपाळावर भस्माचे पट्टे. सगळे त्यांना अप्पा म्हणत. आयुष्यभर पाण्याच्या मोटारी भरल्या (जळालेल्या मोटारीला नवी तार गुंडाळणं), पण नजर अधू झाली तसं दुकान बंद झालं. बोटीत पाय ठेवताच ते मला म्हणाले, "साहेब, बोट गेली की आमचं बी काम गेलं. घरी बसलं की मानूस लई लवकर म्हातारं हुतंय."

मी लगेच भिडलो. लॅपटॉपचा पोर्ट तपासला, बरोबर. माहितीचा वेग दोन्हीकडे सारखा. चाचणीच्या खिडकीत आकड्यांच्या ओळी सरसर धावत होत्या, म्हणजे लॅपटॉप बोलत होता. ऑटोपायलट मात्र ठार बहिरा. लॅपटॉपची माहिती ऑटोपायलटला पोचवणारा मधला कन्व्हर्टर बदलला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. दुपारपर्यंत डोकं तापलं आणि मी अप्पांवर खेकसलो, "तुम्ही कशाला हात लावलाय का?"

"न्हाय साहेब," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

जेवायला त्यांच्याच डब्यातली शेंगोळी मिळाली, हुलग्याच्या (आमच्या कुळथाच्या) पिठाची, लसूण घालून झणझणीत. आम्ही कुळथाची पिठी भातावर ओततो, हे लोक तेच पीठ वळून शिजवतात. ज्याच्यावर ओरडलो त्याचाच डबा मी पुसून खाल्ला. लाज वाटली, पण माफी काही मागितली नाही. माझा स्वभाव हा असाच आहे, नासका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामावरून अप्पा आणि मी पायवाटेनं धरणाकडे निघालो. वाटेत एक शेतकरी नव्या मोटारीपुढं हताश उभा होता. मोटार घुमत होती, पण पाणी करंगळीएवढं. अप्पांनी कान लावला. "उलटी फिरतीय की रं!" वीज बंद केली, स्टार्टर उघडला, तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली. बटन दाबताच पाइपातून धो धो पाणी. मोटारीच्या कुठल्याही मिस्त्रीला हे ठाऊक असतं.

मी वाटेतच थांबलो. "अप्पा, बोटीचंही असंच केलं होतं का?"

अप्पांनी मान डोलावली. "व्हय. बोट आली तवा बटन दाबलं की सुकानू उलटं वळत हुतं. म्या आदी बारक्या दोन वायरी पलटल्या. काय फरक न्हाय. मंग जाड्या पलटल्या, तवा सरळ झालं. बारक्या तशाच ऱ्हायल्या. काल तुमी वरडलात, मंग सांगायचा धीरच झाला न्हाय."

जाड्या वायरी सुकाणूच्या मोटरच्या, बारक्या दोन म्हणजे लॅपटॉपकडून येणारी माहिती. त्या उलट्या जोडल्या की यंत्राला काही कळत नाही. बोटीवर पोचताच ऑटोपायलटची वायरींची डबी उघडली, दोन स्क्रू सोडवून बारक्या वायरी पलटल्या, पाटी गेली. बोट रेषेवर लागली आणि धरणाच्या पार टोकापर्यंत सरळ गेली. अप्पांनी दोन्ही हात वर धरून मला दाखवले, सुकाणूला स्पर्शही नव्हता. काय आनंद झाला म्हणून सांगू!

काठावर मॅडमनी विचारलं, "काय होतं?"

"वायर सैल होती," मी म्हणालो.

"न्हाय मॅडम," अप्पा मागून बोलले. "सैल नव्हती. म्या उलटी जोडली हुती."

ज्याचं काम जाणार होतं तो माणूस खरं बोलला. मी मात्र खोटं बोललो, आणि तेही काही नुसतं त्यांच्यासाठी नाही. जाड्या वायरी उलट्या कुणी जोडल्या होत्या? वर्कशॉपमध्ये सुकाणूची मोटर मीच बसवली होती. मान खाली घालून मी तेही सांगितलं. मॅडमनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"अप्पा, उद्या सहाला या," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांच्या रेषा मागे पडल्यात."

परतीच्या एसटीत मांडीवर कामाचा फॉर्म भरायला घेतला. 'बिघाडाचं कारण' या रकान्यात मी वर्षानुवर्षं 'वायर सैल' नाहीतर 'ग्राहकाची चूक' लिहीत आलोय. किती अप्पांच्या माथी काय काय मारलं असेल, देव जाणे. बस हलत होती, अक्षर वेडंवाकडं येत होतं, तरी सावकाश लिहिलं: 'सुकाणूची मोटर मी उलटी जोडून पाठवली. ती वीरभद्रप्पांनी सरळ केली.'