आपांचं डोकं आणि आमचं मंडळ

आपांच्या ओठांत कायम तीन-चार टाचण्या असायच्या, म्हणून त्या लगेच उत्तर देत नसत. टाचण्या काढून उशीत खोचल्या, की समजायचं, आता कुणाची तरी धडगत नाही.

आपा मूळच्या खेडच्या. मराठी खणखणीत, डोक्याला हिजाब. इंग्लंडमध्ये स्लाऊच्या आमच्या मराठी महिला मंडळात दर गुरुवारी शिवण शिकवायच्या. पाच-सहा मुसलमान सुना केवळ त्यांच्या भरवशावर घराबाहेर पडायच्या. मला बाही काही जमेना, तर म्हणाल्या, "ताई, बाही आहे ती, सून नव्हे. इतकी ताणू नका."

मग आमच्या अध्यक्ष नीलमला स्त्रीमुक्ती आठवली. ती शेजारच्या रीडिंग शहरात मोठ्या आयटी कंपनीत आहे, त्यामुळे तिला सगळंच कळतं. वर्ग न्यूट्रल हवा, शिकवणारीच्या अंगावर धर्माची खूण नको, म्हणाली. ज्या देशाचा राजाच चर्चचा प्रमुख, तिथे धर्मनिरपेक्षता आणायची तर कुठून तरी सुरुवात हवीच ना. आम्ही आपांच्या डोक्यापासून केली. हळदीकुंकू त्याच हॉलमध्ये व्हायचं आमचं, पण ते काय, कल्चर. मीटिंगला आपा नव्हत्या. जिला मुक्त करायचं, ती खाली आमच्यासाठी चहा करत होती. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. नीलम मला गाडीतून घरी सोडते, आणि इथल्या थंडीत तत्त्व काही दारापर्यंत सोडायला येत नाही.

नीलमनेच खाली जाऊन सांगितलं, "आपा, हे तुमच्याच फ्रीडमसाठी आहे."

आपांनी टाचण्या काढल्या. "माझे सासरे अशाच मीटिंगा घ्यायचे गं. डोकं माझं, चर्चा त्यांची. ते झाक म्हणत होते, तोवर मी झाकलं नाही. ते वारल्यावर हा हिजाब माझ्या मनानं बांधला. आता तू काढ म्हणतेस. तुम्हा दोघांचं छान जमलं असतं."

आणि मशीन आवरायला लागल्या. मी झाकण धरायला पुढे झाले, तर हळूच म्हणाल्या, "ताई, हात तुम्हीही वर केलात?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"बरं झालं. गेल्या महिन्यात खांद्यामुळे तुमचा हात वर जात नव्हता, म्हणून ढगळ बाहीचा ब्लाऊज शिवून दिला होता तुम्हाला. आराम पडला म्हणायचा."

त्या सुना आता गुरुवारी घरीच असतात. नीलमने अहवालात वर्ग सर्वांसाठी खुला झाल्याचं लिहिलंय. खोटं नाही, रिकाम्या खुर्च्यांना कुठला धर्म?

आपा मुलीकडे लेस्टरला गेल्या. नंबर आहे माझ्याकडे. खांदा अजून दुखतो, एवढं सांगायला तरी फोन करावा म्हणते. अजून केलेला नाही.