दोनेरच्या नावावर सर्वांत जास्त माल

युद्धाच्या दिवसांत मला अटक होता होता राहिली, आणि तिला कारणीभूत होते एक नियमित फ्रेंच क्रियापद.

जबलपूरच्या ज्या कारखान्यात मी तोफगोळ्यांच्या तपासणी विभागात होतो, तिथे फ्रान्सहून एक यंत्र आले. सोबत त्याची माहितीपुस्तिका, अर्थातच फ्रेंचमध्ये. साहेबांनी सभेत विचारले, ‘‘कोणाला येते?’’ मी भिडस्त माणूस. सभेत कोणी काहीही विचारले की मान हलवायची, एवढेच मला जमते. मी मान हलवली. साहेब म्हणाले, ‘‘शाबास! पंधरा दिवसांत वाचून सांगा.’’

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी अशा रीतीने फ्रेंचचा विद्यार्थी झालो. नेपियर टाउनमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक व्याकरण मिळाले. पहिली साठ पाने वाळवीने खाल्लेली असल्यामुळे पुस्तक थेट भूतकाळापासून सुरू होत होते, आणि तोही असा भूतकाळ, जो फ्रेंच माणूस फक्त ग्रंथांत लिहितो, तोंडाने कधीच बोलत नाही. (मला तो फार आपला वाटला. मीही बहुतेक गोष्टी तोंडाने बोलत नाही.) उदाहरणाचे क्रियापद होते ‘देणे’. मी पहाटे मोरीत आंघोळ करताना घोकू लागलो: झ दोने, त्यू दोना, इल दोना, नू दोनाम, वू दोनात, इल दोनेर!

घरात पत्नी सुमती आणि आई. धाकटा भाऊ सीमेवर, आणि तीन आठवडे त्याचे पत्र नव्हते. त्यामुळे आमच्या घरात कोणी कोणाला फारसे प्रश्न विचारीत नसे.

मी एका कागदावर ती सहा रूपे नागरीत लिहिली आणि प्रत्येकापुढे, जितक्यांदा घोकले तितक्या उभ्या रेघा ओढल्या. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. तपासणीतून पास झालेले गोळे आम्ही असेच मोजतो. हाताला दुसरी सवयच नव्हती. शेवटचे रूप मला सारखे चुके, म्हणून ‘दोनेर’पुढे रेघांचे रान माजले. एका सकाळी सुमतीने नेमक्या त्याच कागदात पोळ्या बांधून दिल्या. टाकून देववेना, म्हणून जेवण झाल्यावर मी तो चौघडी करून रिकाम्या डब्यात ठेवला.

साडेचारचा भोंगा झाला. फाटकावर दरबानाने डबा उघडला.

‘‘बाबूजी, ये क्या है?’’

‘‘पोळ्या... रोटी का कागज.’’

‘‘रोटी पे इतना हिसाब?’’

मला सुरक्षा अधिकाऱ्यांसमोर उभे करण्यात आले. त्यांनी कागद दिव्यासमोर धरला. ‘‘छह आदमी। हर एक के आगे गोलों की गिनती। और इस दोनेर को सबसे ज़्यादा माल! कौन है ये दोनेर?’’

‘‘अन्यपुरुष,’’ मी म्हणालो. ‘‘अनेकवचन.’’

‘‘मतलब पूरी टोली है!’’

क्रियापद आहे हे मी कसेबसे सांगितले. ते म्हणाले, ‘‘ठीक है, सुनाइए.’’ मोरीत सरसर वाहणारे क्रियापद! टेबलापलीकडून तीन माणसे ऐकू लागताच ‘झ’च्या पुढे जाईना. ‘‘झ... झ...’’ एवढ्यावर मी थांबलो. नोकरी गेली, बहुधा तुरुंगही, आणि सीमेवरच्या भावाच्या कपाळी हेर भाऊ, हे सगळे मला स्पष्ट दिसू लागले.

इतक्यात आई आली. आमचे क्वार्टर समोरच. दिवेलागण झाली तरी मी परतलो नाही, म्हणून ती सुमतीला घेऊन निघाली होती.

‘‘भैया, हमारे मुलगे को काहून रोका?’’

‘‘अम्माजी, ये कागज देखिए।’’

‘‘मला वाचता नाही येत. काय लिवलंय?’’

‘‘झ दोने,’’ अधिकाऱ्यांनी वाचले.

आईने तिथेच हात जोडले, डोळे मिटले, आणि सांजेच्या श्लोकांच्या चालीवर, एकही चूक न करता, सहाही रूपे म्हणून दाखवली. शेवटच्या ‘दोनेर’वर तिने खाली वाकून नमस्कार केला. दरबानाने टोपी काढली.

‘‘आई, तुला कसं येतं हे?’’

‘‘तू रोज पहाटे म्हणून राहिला ना मोरीत! मला वाटलं, धाकट्यासाठी स्तोत्र म्हणतोस, लाजून सांगत नाहीस. मीपण म्हणते दिव्यापुढे. कोणत्या देवाचं आहे रे?’’

अधिकारी हळू आवाजात म्हणाले, ‘‘मतलब क्या है इसका?’’

कसे कोण जाणे, या वेळी मी न अडखळता सांगितले. ‘‘मैंने दिया. तूने दिया. उसने दिया. हमने, तुमने... उन सबने दिया.’’

आई म्हणाली, ‘‘मग स्तोत्रच आहे ते.’’

अधिकाऱ्यांनी कागद घडी करून तिच्या हातात दिला. कारखान्यातून लिहिलेला कागद बाहेर गेल्याची तेवढीच घटना मी पाहिली.

पुढे यंत्राची पुस्तिका उघडली, तर तिच्यात भूतकाळ औषधालाही नव्हता. नुसत्या आज्ञा: घट्ट करा, तेल घाला, हात दूर ठेवा! ती दुसऱ्या कोणी वाचली. धाकटा परतला, एक बोट कमी घेऊन. आईने श्रेय क्रियापदाला दिले आणि ते शेवटपर्यंत म्हणत राहिली.

तिने संरक्षण निधीला बांगड्या दिल्या होत्या. धाकट्याने बोट दिले. सुमतीने रक्त दिले. आणि मी? मी जबाब दिला. तोही, खरे सांगायचे तर, आईनेच दिला.